खिडकीकडची जागा

बसा. लाइट येईपर्यंत फॅटचं मशीन काही सुरू होणार नाही, आणि मशीनने सांगितल्याशिवाय मी कुणाच्याच दुधाला चांगलं म्हणत नाही. या डेअरीत बरीच वर्षं झाली मला. समोरचा माणूस देवाची शपथ घेऊन म्हणत असतो की थेंबभर पाणी घातलं नाही, आणि मशीन वेगळंच सांगत असतं. त्यामुळे नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवायची माझी सवय केव्हाच सुटली. हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर पुढचं ऐकून म्हणाल, पंकजावहिनी शिकलेली असून असं काय बोलते!

जरा हळू बोलते हं. तिकडं खिडकीखाली बाकावर हिरवी इरकल नेसून बसल्यात ना, त्या माझ्या सासूबाई, साळूबाई. कालपासून मी त्यांना नजरेआड करत नाही. का, ते कळेल तुम्हाला.

मामांच्या दहाव्यापासून सांगते. मामा म्हणजे माझे सासरे, रंगनाथ. आमच्याकडं सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मामा गेले तेव्हा मला पाचवा महिना चालू होता. पोटुशीला घरी एकटी ठेवू नये म्हणून मला नदीवर नेलं, आणि पोटुशीनं पिंडाकडं बघू नये म्हणून लांब टेम्पोत बसवलं. टेम्पोची मागची ताडपत्री वर गुंडाळलेली होती, त्यामुळे मला सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं.

पिंड ठेवले, प्रवचन झालं, पण कावळा काही शिवेना. माझा नवरा गोरख हात जोडून एकेक कबूल करत होता. "विहिरीचं काम पुरं करीन... आईला अंतर देनार न्हाई... कपिला गाय इकनार न्हाई..." कावळा बाभळीवरून मान वाकडी करून ऐकत होता. मामांना एखादी गोष्ट पटली नाही की त्यांची मान अशीच व्हायची. ऊन चढत होतं, पाहुणे घड्याळं बघायला लागले होते, बुंदीचा वास नदीपर्यंत येत होता.

शेवटी सासूबाई पुढं झाल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि कावळ्याला म्हणाल्या, "अवो, किती अडून बसताल? लोकं उपाशी हायेत. तुमचा जीव कशात अडकलाय ते मला ठावं हाय. नातवंडाचं त्वांड बघायचं ऱ्हायलं ना? मग झाडावर काय बसताय, पंकूच्याच पोटी या की. जागा हाय!"

कावळा सरळ खाली आला. पिंडाला शिवला, आणि वर शेजारच्या पानावरचं कांद्याचं भजं उचलून गेला. मामांना भजी फार आवडायची. सगळ्यांनी हात जोडले आणि जेवायला पळाले. मी टेम्पोत पोटावर हात ठेवून तशीच बसून राहिले. जागा हाय म्हणे! पोट माझं, पोर माझं, आणि मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

"जागा" या शब्दानं मी एवढी का बिथरले, ते समजायला मामा माहीत पाहिजेत. कर्जतच्या स्टँडवर मामांना कोण ओळखत नव्हतं! गाडी वळून फलाटाला लागेपर्यंत मामा तिच्या बाजूनं पळत सुटायचे आणि खिडकीतून आपला चौकड्यांचा रुमाल नेमका सीटवर टाकायचे. त्या रुमालाला तपकिरीचा वास. एकदा तो पडला की जागा त्यांची. एखादी बाई लेकरू घेऊन आधीच बसलेली असली तरच निमूट रुमाल उचलायचे, एरवी तलाठी असो की पैलवान, उठावंच लागायचं. मग खिडकीपाशी सासूबाईंना बसवायचे, स्वतः दांडी धरायचे आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणायचे, "बस गं तू. मी उभा हाय."

आमचं त्यांचं पटत नव्हतं असं नाही, पण माझ्या हातचा चहा प्यायले की रोज एकच शेरा: "पानी लई." दिवसभर लोकांच्या दुधातलं पाणी पकडणाऱ्या बाईला हे ऐकून घ्यावं लागायचं. मामा गेले तेव्हा मी मनापासून रडले, हे खरं. पण त्याच मामांना नऊ महिने पोटात वागवायचं, मग न्हाऊमाखू घालायचं, आणि बोलायला लागल्यावर पहिला शब्द "पानी लई" ऐकायचा? मला माझं पोर हवं होतं. कोरं करकरीत, आधी कुणी न वापरलेलं.

घरात मात्र दुसऱ्या दिवसापासून मामा येणार हे पक्कं झालं. सासूबाई माझ्यासमोर डोक्यावर पदर घ्यायला लागल्या. मी पलंगावर बसले की त्या खाली बसायच्या. गोरखनं माझ्या पोटासमोर तंबाखू मळायची बंद केली, बाहेर गोठ्यामागं जायला लागला. चहा झाला की सासूबाई कप माझ्या हातात देऊन पोटाकडं बघत अदबीनं विचारायच्या, "अवो, पानी लई झालं का?"

आणि पोर लाथ मारायचं. चहा घेतला की रोज मारायचंच, पण ते कुणाला सांगणार?

सगळं एकाच गोष्टीवर अडलं होतं. पोटातल्या पोरात जीव येतो कधी? आधीच आला असेल तर जागा भरलेली, मामांना वाव नाही. अजून यायचा असेल तर मग अवघड आहे. हा प्रश्न घरात राहिला असता तर बरं झालं असतं, पण सासूबाईंनी तो या डेअरीत आणला, आणि किटली घेऊन रांगेत उभ्या माणसांना दुसरं काम काय असतं?

दहाव्याचे गुरुजी दोन गाईंचं दूध घालतात. ते म्हणाले, "देह आधी घडतो. जीव प्रवेश करतो सातव्या महिन्यात. घर बांधून झाल्यावरच माणूस राहायला जातो ना, तसं." सासूबाईंनी तिथल्या तिथं बोटं मोजली आणि गुरुजींना घरच्या शेंगा कबूल केल्या.

त्यांच्या मागं हसनभाई होते. ते म्हणाले, "आमच्यात चार म्हयनं भरलं की फरिश्ता येऊन रूह फुंकून जातो. वैनीला तर पाचवा चालू हाय. म्हंजी काकू, गाडी फुल झाली." मला हसनभाईंच्या पाया पडावंसं वाटलं. फॅट मात्र निघाली तेवढीच लिहिली.

मग मला चटकच लागली. आरोग्य केंद्रातल्या रूथ सिस्टर रविवारी चर्चला जाणाऱ्या. त्यांना सुई टोचून घेता घेता विचारलं. त्या म्हणाल्या, "पहिल्या दिवसापासून, पंकजा. तू मोजायला लागलीस त्याच्याही आधीपासून." हे मला इतकं आवडलं की पुढच्या सुईला पुन्हा विचारून घेतलं. घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "सिस्टरनं मामांना बघितलंय कुटं? त्ये कुटंबी जागा करून घेत्यात."

राहिले साळवे सर. सोपान साळवे, आमच्या शाळेतून निवृत्त झालेले. विहारात पौर्णिमेला तेच बोलतात. ते म्हणाले, "आम्ही आत्मा मानतच नाही. त्यामुळं तो कधी येतो हे भांडणही आमच्यात नाही." मी म्हटलं, सुटले! तर सर पुढं म्हणाले, "कालच्या दह्याचं विरजण आज दुधाला लागतं. आजचं दही म्हणजे कालचंच का? नाही. मग त्याचा कालच्याशी काही संबंध नाही का? तसंही नाही."

"म्हणजे मामा येणार की नाही, सर?"

"सासरे येणार नाहीत तुझे," सर म्हणाले आणि माझ्या पोटाकडं विचारात पडल्यासारखे बघत राहिले. "विरजणाचं मात्र सांगता येत नाही."

त्या दिवशी सरांची किटली मी सगळ्यात शेवटी घेतली.

सातवा लागला त्या दिवशी सासूबाईंनी उंबऱ्याला रांगोळी काढली, पलंगावर धुतलेली चादर घातली आणि मला म्हणाल्या, "आज घरीच ऱ्हा. त्ये आले आन् तू डेरीत, असं नगं व्हायला." आणि स्वतः देवीला नारळ फोडायला गेल्या. गोरख कांदा घेऊन नगरला गेला होता. आमची वस्ती गावापासून आत. ज्वारी निघाली होती, चारी बाजूंना नुसती ढेकळं आणि ऊन. जेवण करून मी पलंगावर आडवी झाले. पंखा फिरत होता, गोठ्यात कपिलेच्या गळ्यातली घंटा मधूनच वाजत होती.

एक गोष्ट मात्र मनाला लागून होती. पोर सकाळपासून हललं नव्हतं. चहा घेतला, तरी नाही. गूळ खाऊन बघितला, तरी नाही.

लाइट गेली. पंखा हळूहळू फिरत थांबला, आणि त्याच्याबरोबर घंटाही थांबली. किती शांत झालं म्हणून सांगू... ढेकळांवरून वारासुद्धा येईना. मला झोप नव्हती, पण डोळे जड झाले. आणि मग तो वास आला. आधी वाटलं माळ्यावरच्या मिरच्या असतील. मग नाकात झिणझिणलं. तपकीर...

डोळे उघडले तर माझ्या पोटावर रुमाल होता.

चौकड्यांचा. चारी कोपरे नीट ओढून पसरलेला, सीटवर पसरतात तसा. तो रुमाल मामांच्या सदऱ्याच्या खिशात, त्यांच्याबरोबरच जळाला होता. मी स्वतःच्या डोळ्यांनी खिशात घातलेला पाहिला होता.

 रुमालाला हात लावायची हिंमत होईना. पोटात काहीच हालचाल नाही. एकाएकी मनात आलं, आत जे कुणी आहे त्याला मामांनी ऊठ म्हणून सांगितलं असेल का? आणि ते बिचारं उठलं असेल का? तेवढ्यात माझी भीती पळाली आणि असला राग आला म्हणता!

"मामा..." मी म्हटलं. "मामा, जागा रिकामी नाही. इथं कुणीतरी बसलंय... आधीपासून."

उशाशी करकर वाजलं. उभं राहून अवघडलेला माणूस एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतो, तेव्हा वहाणा वाजतात तसं.

"आत्यांनी मला न विचारता सांगितलं तुम्हाला. त्यात माझी काय चूक? आणि याची तरी काय? एवढंसं आहे हो ते... त्याला उभं राहता येत नाही." माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "मला हेच हवंय. जे आहे ते. लेकुरवाळ्या बाईला तुम्ही कधी उठवलं नाही, मामा. मला उठवू नका."

  मग खोकला ऐकू आला. दोनदा बारीक, एकदा मोठा, अगदी त्यांचाच. आणि उशाच्या वरून, दांडी धरून उभा असलेला माणूस बोलतो तेवढ्या उंचीवरून आवाज आला.

"बरं, बरं... बसू द्या तिला. मी उभा हाय."

रुमालाचा एक कोपरा उचलला गेला, आणि पोटावरून सरकत सरकत सगळा रुमाल गेला. कुठं गेला, ते दिसलं नाही. पंखा फिरायला लागला. कपिला हंबरली. आणि माझ्या बरगडीत अशी सणसणीत लाथ बसली की मी रडता रडता हसायला लागले.

मग कधीतरी संध्याकाळी लक्षात आलं, मामा "तिला" म्हणाले होते.

मुलगी झाली. राजनंदिनी. सासूबाईंनी तिला कानामागं, तळपायाला, मानेखाली उलटसुलट करून बघितलं, टाळूचा वास घेतला आणि हिरमुसून म्हणाल्या, "ह्यात त्येंचं काईच न्हाई." पण आठवड्याभरात तिच्याशिवाय त्यांना घास जाईना. आता तीन वर्षांची आहे. कुणाशी भांडत नाही, खाऊ वाटून खाते, आणि माझ्या कपातला चहा चाटून "छान" म्हणते. पूर्ण कोरं माणूस आहे ते. साळवे सरसुद्धा तिला निरखून म्हणाले, विरजण वेगळंच दिसतंय.

त्या दुपारचं मी एकट्या सासूबाईंनाच सांगितलं. मला वाटलं, नवऱ्याला परत पाठवलं म्हणून चिडतील.  तर त्या म्हणाल्या, "म्हंजी उभंच हायेत व्हय, तवापासून? गुडघं दुखत असतील गं त्येंचं." आणि उठून मामांची खुर्ची पुसून पडवीत मांडली. त्या खुर्चीवर आमच्या घरात कुणी बसत नाही. मामाही बसले नाहीत. धुळीवरून कळतं ते.

ही झाली तेव्हाची गोष्ट. आता कालची.

काल सकाळी पलंगावरची गोधडी झटकायला उचलली, तर खाली रुमाल. तोच. खिडकीच्या बाजूला पडलेला, नाकाला झिणझिण्या आणणारा. मी मनात दिवसांचा हिशेब केला. चार दिवस वर झाले होते, मी ध्यानातच घेतलं नव्हतं. तशीच रूथ सिस्टरकडं गेले आणि पट्टी आणली. दोन रेघा. गोरखला अजून माहीत नाही. सिस्टर सोडून तुम्हालाच सांगते आहे.

म्हणजे बघा, गुरुजी म्हणतात सातव्यात, हसनभाई म्हणतात चौथ्यात, सिस्टर म्हणतात पहिल्या दिवशी. आणि रुमाल तर मला कळायच्याही आधी आला होता. मागच्या वेळी मामांना उशीर झाला होता ना, या वेळी गाडी फलाटाला लागायच्या आधीच धावत सुटले. खरं सांगू? मी हसले. या वेळी भीती वाटली नाही. म्हटलं, या मामा. बरीच वर्षं उभे आहात. चहात पाणी कमी घालीन.

चहाला आधण ठेवता ठेवता मात्र माझा हात थांबला. मामांनी जन्मात कधी स्वतःसाठी जागा धरली नव्हती.

तेवढ्यात पडवीतून सासूबाईंची हाक आली. "पंकू, आज लई हलकं वाटतंय गं. गुडघं तर जनू न्हाईतच. माझी ती गावाला जायची हिरवी इरकल काढ बरं."

"कुठं जायचंय, आत्या?"

"कुटं न्हाई," त्या म्हणाल्या. "पन तयारीत असलेलं बरं."

रुमाल घ्यायला खोलीत गेले तर तो तिथं नव्हता. सासूबाईंना तसंच ओढत डॉक्टरकडं नेलं. बीपी, शुगर, सगळं माझ्यापेक्षा चांगलं निघालं. डॉक्टर म्हणाले, शंभर वर्षं काढतील. पण डॉक्टरांनी मामांना स्टँडवर कधी पाहिलेलं नाही. म्हणून आज त्यांना इथं घेऊन आले, डोळ्यासमोर. रात्रीपण त्यांच्याच अंथरुणात झोपले. मला पोरही हवंय आणि सासूबाईही हव्यात. दोन्ही, वेगवेगळे. त्यांच्याशिवाय ते घर मला खायला उठेल, हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही, पण आज घरी गेल्यावर सांगणार आहे.

ती बघा, आली लाइट. आणा तुमची किटली.

थांबा. आत्ता बघू नका एकदम... हळूच बघा. तो बाक चांगला चार माणसांचा आहे ना? सगळा मोकळा आहे ना? मग सासूबाई वर कुणाकडं तरी बघत, अंग चोरून अशा का सरकल्या?

खिडकी मात्र सोडली नाही.